‘यूए ७+’ होतं, तरी मुलगा का घाबरला?

देवगडहून एका आईने विचारलंय ते असं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी आले आणि सगळं खटलं मिळून कणकवलीला सिनेमाला गेलं. प्रमाणपत्र ‘यूए ७+’, मुलगा ९ वर्षांचा, म्हणजे नियमाने सगळं ठीक. सिनेमात एक प्रसंग आहे. रात्रीच्या वादळात होडी उलटते, आणि मुलाला फळकुटावर ढकलून बाप पाण्याखाली जातो. त्या रात्रीपासून मुलगा एकटा झोपत नाही. त्याचे बाबा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. सध्या मासेमारीची बंदी आहे म्हणून बोट किनाऱ्याला आहे. ऑगस्टात ती निघाली की याचं काय होणार, ही आईची चिंता. आणि प्रश्न हा: “आम्ही शिक्का बघूनच गेलो होतो. वयाचं प्रमाणपत्र अशा गोष्टींची पुरेशी सूचना देतं का? देत नसेल तर ते असतं कशासाठी?”

नाही, देत नाही. त्या कामासाठी ते बनवलेलंच नाही. मी पूर्वी एका चित्रपटगृहाचं बुकिंग बघत असे. आता बरीच वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शाळांसाठी आणि फिल्म सोसायटीच्या खेळांसाठी सिनेमे निवडते. निवडताना प्रमाणपत्र सगळ्यात आधी बघते, पण तेवढ्यावर मुलांना आत बसवत नाही.

आधी कायद्याचं सांगते, कारण बहुतेक पालकांचा गोंधळ तिथेच असतो. आपलं प्रमाणपत्र १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातून येतं. सुरुवातीला दोनच वर्ग होते, सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. १९८३ मध्ये ‘यूए’ आलं, आणि डॉक्टरांसारख्या ठराविक व्यवसायातल्या लोकांपुरतं ‘एस’ आलं. ‘एस’ तुम्हाला कधी दिसणार नाही, सोडून द्या. ‘यूए’चा अर्थ पुढची ४० वर्षं एकच राहिला: १२ वर्षांखालच्या मुलाला हा सिनेमा दाखवायचा की नाही, याचा विचार पालकांनी करावा. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे तीन भाग केले, ७+, १३+ आणि १६+. मार्च २०२४ मध्ये नवे नियम निघाले.

त्या दुरुस्तीतली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. हा आकडा पालकांच्या माहितीसाठी आहे, आणि पालकांखेरीज दुसऱ्या कुणालाही तो लागू करायला लावता येत नाही. म्हणजे १६+ च्या सिनेमाला तुम्ही ६ वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आलात, तर दारावरचा माणूस तुम्हाला अडवू शकत नाही. ‘ए’ला मात्र अडवावंच लागतं; १८ खालच्याला आत सोडलं तर चित्रपटगृहावर कारवाई होऊ शकते. (आमच्यासारख्या गावात ते सोपंही असतं. दारावरच्याला पोराचं वय, इयत्ता आणि आजोळ तिन्ही माहीत असतं.)

थोडक्यात, ‘ए’च्या खालचा सगळा भार कायद्याने पालकांच्या खांद्यावर ठेवलाय. माझी त्याला हरकत नाही. मूल तुमचं, तुम्हीच ठरवायला हवं. हरकत पुढे आहे. ठरवायला तुमच्या हातात काय दिलंय? एक आकडा. तो आकडा का लागला, हे पडद्यावरच्या प्रमाणपत्रात नसतं. मारामारीमुळे? शिव्यांमुळे? भुतामुळे? कुणाच्या तरी मरणामुळे? ‘७+’ या सगळ्याला सारखंच.

देवगडात हे बंदरावरच्या बावट्याने लगेच कळेल. तीन नंबरचा बावटा लागला की तांडेलाला कळतं, जोराचा वारा बंदरावर यायचाय. पाच, सहा, सात म्हणजे वादळच. पण पाच आणि सहा यांतला फरक काय, तर ते बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार हा. तांडेल त्यावरून ठरवतो काय बांधायचं आणि कुठे. सिनेमाचा शिक्का मात्र ‘समुद्र जरा खवळलेला आहे’ एवढं सांगून गप्प बसतो.

आता तो आकडा ठरतो कसा ते बघा. चित्रपट प्रमाणन मंडळाचा, म्हणजे आपल्या सेन्सॉर बोर्डाचा, एक अधिकारी आणि सल्लागार समितीतले काही सदस्य सिनेमा बघतात. मराठी सिनेमा बहुधा मुंबईच्या कार्यालयात. त्यांच्यापुढे १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं असतात. विनाकारण हिंसा, क्रौर्य किंवा भयानक दृश्यं नकोत, मुलांना हिंसेत ओढलेलं दाखवणं टाळावं, स्त्रियांची अवहेलना नको, अशी ती यादी आहे. सिनेमा एकूण परिणामाच्या दृष्टीने पाहावा असंही त्यात आहे, आणि ते वाक्य चांगलंच आहे. पण व्यवहारात बोलणी होतात ती मोजता येण्याजोग्या गोष्टींवर. ही शिवी म्यूट करा, हा रक्ताचा शॉट निम्मा करा, हे चुंबन इतके सेकंद कमी करा. निर्मात्यालाही तेच सोयीचं असतं. ‘ए’ मिळालं की कुटुंबाचा प्रेक्षक गेला, आणि टीव्हीवर दाखवायचं तर पुन्हा काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र आणा. म्हणून तो चार शॉट सोडून ‘यूए’वर येतो.

शॉट जातो, प्रसंग राहतो. बंद दाराआडची किंकाळी राहते. बाप मुलाला फळकुटावर ढकलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, ते राहतं. तुमच्या सिनेमात त्या प्रसंगात रक्ताचा थेंब नसणार, शिवीही नसणार. मोजपट्टी लावली तर हाती काहीच लागत नाही. मी त्या समितीत असते तर मीही कदाचित ७+ च म्हटलं असतं.

मुलं कशाने हलतात, यावर बराच अभ्यास झालाय. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर यांनी हयातीतला मोठा काळ यावरच घालवला. साधारण ७-८ वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात. विद्रूप चेहरा, माणसाचा राक्षस होणं, एकदम मोठा आवाज. त्या वयात ‘ते खोटं आहे’ सांगून काही उपयोग होत नाही. ८-९ नंतर भीती फिरते. राक्षसाला मूल हसायला लागतं, आणि जे खरोखर होऊ शकतं त्याला घाबरायला लागतं: घरात चोर शिरणं, अपघात, आई-बाप मरणं. म्हणजे ७ ते १२ हा जो गट कायद्याने एकत्र बांधलाय, त्यात दोन वेगळ्या जातीची भीती आहे. ७ वर्षांच्या भावाने तो होडीचा प्रसंग बघून पॉपकॉर्न मागितलं असेल, आणि ९ वर्षांचा थोरला आतून गार पडला असेल. आकडा वाढला की धोका कमी होतो हे गृहीतकच इथे डळमळतं.

तुमच्यासाठी त्या संशोधनातला एक धागा विशेष आहे. लहानपणी पाहिलेल्या सिनेमाची भीती मोठेपणी किती उरते, हे कँटर आणि ख्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं होतं. सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलामुलींनी सांगितलं, की ती अजून पुरती गेलेली नाही. कँटर यांच्या पुढच्या अभ्यासात १९७५ चा शार्कवरचा ‘जॉज’ पुन्हा पुन्हा येतो. तो बघितल्यावर पोहायला नको वाटतं म्हणणारे लोक निघाले, आणि समुद्रच नव्हे, तलावात आणि तरणतलावातसुद्धा. अमेरिकेत त्या सिनेमाला तेव्हा ‘पीजी’ मिळालं होतं, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांनी बघायला हरकत नाही असं. तिथे ‘पीजी-१३’ हा वर्ग आला तो १९८४ मध्ये. त्याच वर्षीच्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ या सिनेमांवर पालक चिडले होते, दोन्हींना ‘पीजी’च होतं. म्हणजे शिक्का आणि भीती यांची गाठ न पडणं ही काही आपल्या मंडळाचीच करामत नाही.

वयापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे जवळीक. प्रसंग मुलाच्या स्वतःच्या आयुष्याला किती खेटून जातो. इथे कुठलंही मंडळ हात टेकेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्या दिवशी वरच्या मजल्यावर किंवा पत्र्यावर बसून राहिलेली ५-६ वर्षांची मुलं आता मोठ्या इयत्तांत आहेत. चिपळूण-खेड भागातल्या शाळेसाठी सिनेमा निवडताना पूर असलेला सिनेमा मी आधी पूर्ण बघते, मग त्यावर ‘यू’ का असेना. पुराचं दृश्य हिंसा नसते, अश्लील नसतं. उलट शूरपणाचं गाणंही असतं पाठीमागे. पण एखाद्या पोराला त्यातला घरात पाणी चढण्याचा आवाज पुरतो. महाडकडे, दरड कोसळलेल्या तळियेच्या आसपास, डोंगर घसरण्याचं दृश्य मी दाखवणार नाही. दिवेआगर-श्रीवर्धनकडे २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतरची काही वर्षं छप्पर उडतानाची दृश्यं टाळायला सांगत असे. हे पुण्यातल्या मुलासाठी निरुपद्रवी आहे, आणि मंडळाने सगळ्या देशासाठी एक अक्षर द्यायचंय. त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवणं अन्यायच होईल. पण ‘पूर, बुडण्याचं दृश्य, पालकाचा मृत्यू’ एवढे शब्द लिहिले असते तर निर्णय तुम्हीच घेतला असता. तांडेलाच्या घरात ते शब्द वाचून काय करायचं, हे कुणी शिकवावं लागलं नसतं.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, तोही आपल्याच माणसांकडून. “आमच्या लहानपणी कुठलं प्रमाणपत्र? मध्यरात्री दशावतार बघितला, नमनातल्या संकासुराने पळवलं, मुंजा-हडळ-देवचाराच्या गोष्टी ऐकत झोपलो, काय झालं आम्हाला?” झालं काहींना, फक्त विचारलं कुणी नाही, संकासुर आला की रडणाऱ्या पोराला हसायचीच रीत होती. पण आक्षेपात तथ्यही आहे. दशावतारात हिरण्यकश्यपूचं पोट फाडतात, तेही मुलांच्या पुढ्यात. तरी बहुतेक मुलं निभावून नेतात, कारण आख्यान ठाऊक असतं. कोण मरणार हे आजीने आधीच सांगितलेलं असतं. बसायला मांडी असते, कंटाळा आला की तिथेच झोपता येतं, आणि सकाळी तोच हिरण्यकश्यपू चहाच्या टपरीवर अर्धा रंग पुसून बसलेला दिसतो. इथे पोरगं तयार होऊन भीतीला सामोरं जातं. काळोख्या हॉलमध्ये, चारी बाजूंनी आवाज, पॉज नाही, आणि काय येणार याची बाजूला बसलेल्या आईलाही कल्पना नाही, ही तयारी नव्हे. मुलांना भीती वाटूच नये असं मी म्हणत नाही. भुताच्या गोष्टीवाचून कोकणातलं बालपण मला कल्पवत नाही.

‘यू’बद्दलही एक भ्रम दूर करते. सर्वांसाठी म्हणजे निर्धास्त, असं नाही. लहान मुलांच्या कार्टूनपटांत आई मरण्याचं प्रमाण बघा, पिल्लू एकटं उरण्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. उलट बाजूला, ‘ए’ सिनेमा प्रत्येक वेळी भयंकर असतो असंही नाही. कित्येकदा शिव्यांपायी किंवा एखाद्या धीट प्रेमप्रसंगापायी तो शिक्का बसतो. खेड तालुक्यातल्या गावाचं नाव मिरवणारा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, त्याला ‘ए’ होतं आणि ते योग्यच होतं. पण तो सिनेमा मोठ्यांनासुद्धा कशाने अस्वस्थ करतो, तर लोभाने, हे ‘ए’ या अक्षरातून कळायची सोय नाही. आणि तो सगळ्या महाराष्ट्राने नाचून घेतलेला २०१६ चा मराठी सिनेमा आठवा. मध्यंतरापर्यंत पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती, आणि शेवटच्या काही मिनिटांत सगळा हॉल चिडीचूप. नाव सांगायला नको. अक्षर कुठलंही असतं तरी त्या शेवटाची तयारी त्यातून झाली नसती.

मग इतर देशांत काय करतात? ब्रिटनमध्ये मंडळ वयाच्या वर्गासोबत कारणाची एक ओळ देतं: धमकीचे प्रसंग, जखमांचं चित्रण, आत्महत्येचा उल्लेख, अशी. शिवाय आपल्या संकेतस्थळावर विषयवार परिच्छेद देतं, पालकांनी वाचावे म्हणून. अमेरिकेत १९९० पासून शिक्क्याखाली कारण लिहितात. नेदरलँड्सची पद्धत मला सगळ्यात आवडते. २००१ पासून तिथे वयाशेजारी चित्रं असतात. हिंसेसाठी मूठ, भीतीसाठी कोळी. ‘भीती’ हा हिंसेपासून वेगळा खण त्यांनी केला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. वाचता न येणाऱ्या आजीलाही कोळी कळतो.

आणि आपल्याकडे हे अजिबात नाही असंही नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीला हे बंधनकारक केलंय. यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्ग, सोबत आशयाचं वर्णन, १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूप. म्हणजे तोच सिनेमा काही आठवड्यांनी घरच्या टीव्हीवर आला, तर कोपऱ्यात कारण लिहून येतं, आणि चित्रपटगृहात, जिथे पॉज करता येत नाही तिथे, येत नाही. हा उलटा न्याय मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. अर्थात ओटीटीची ती ओळही बेताचीच. इंग्रजीत, बारीक अक्षरात, चार सेकंद. ‘व्हायोलन्स’ या एका शब्दात थोबाडीतही बसते आणि कत्तलही. सिनेमा मालवणी ढंगाचा, प्रेक्षक मालवणी, सूचना इंग्रजी.

तंबाखूचं बघा. २०१२ पासून सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिती दाखवाव्याच लागतात, आणि पडद्यावर सिगारेट पेटली की खाली ओळ यावीच लागते. प्राण्यांना इजा झालेली नाही हेही आपण लिहितो. घोड्याला काही झालं नाही हे मुलाला आधी कळतं, बापाला काय होणार आहे ते नाही.

तरी तंबाखूच्या फितीतूनच एक इशाराही घेण्यासारखा आहे. ती चालू असताना लोक वडापाव संपवतात. सूचना फार झाल्या की त्या कुणी वाचत नाही, म्हणून प्रत्येक सिनेमापुढे वीस ओळींची यादी लावा असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत तर अशा सूचनांचा उपयोग संशयास्पदच आहे. २०२३ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की आधी सूचना दिल्याने लोकांना होणारा त्रास कमी होत नाही, उलट बघण्याआधीची धाकधूक थोडी वाढते, आणि सूचना वाचून माणसं ते टाळतात असंही नाही. पण ते प्रयोग स्वतःसाठी वाचणाऱ्यांचे. मुलाच्या बाबतीत वाचणारा एक आणि बघणारा दुसरा असतो. तुम्ही वाचता, ठरवता, हवं तर त्याच्याशी आधी बोलता. तिथे ओळ कामाची आहे.

“गोष्ट फुटते” हा दिग्दर्शकांचा आक्षेप मी ऐकून घेते, फारसा मानत नाही. शाळेच्या खेळाआधी मी शिक्षकांना एक चिठ्ठी पाठवते. उदाहरणार्थ: ‘सिनेमात आजोबांचा मृत्यू आहे. रक्त वगैरे नाही. मध्यंतरानंतर लगेच येतो, पाच-सहा मिनिटांचा प्रसंग. ज्या मुलांच्या घरी नुकतं कुणी गेलंय त्यांच्याशी आधी बोला, आणि त्यांना कडेच्या खुर्चीत, ओळखीच्या बाईंशेजारी बसवा.’ यात गोष्ट फुटत असेल तर ती गोष्टच तकलादू. बरीचशी मुलं तरीही येतातच, आणि बघतात. फक्त शेजारी कोण बसलंय ते बदललेलं असतं.

चित्रपटगृहांनी हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकीट खिडकीजवळ दरांचा फलक असतो, त्याखाली मराठीत दोन ओळी खडूने लिहिता येतात. पहिला खेळ स्वतःचा माणूस बघतोच. मालक म्हणतात गल्ला घटेल. माझा अनुभव वेगळा आहे, पण मी शाळेच्या खेळांवरून बोलते आहे, शुक्रवारच्या धंद्यावरून नाही, एवढं मान्य.

आता तुम्ही स्वतः काय करू शकता. हिंदी सिनेमा असेल तर एक गंमत सांगते. आपले बरेच सिनेमे ब्रिटनमध्येही लागतात, आणि तिथलं मंडळ त्यांनाही वर्ग देऊन कारणं लिहितं. म्हणजे देवगडात बसून, आपल्याच सिनेमात काय आहे ते लंडनहून वाचायचं! इंग्रजी सोपं असतं, फोनवर भाषांतरही होतं. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर ‘पॅरेंट्स गाइड’ नावाचा भाग असतो. प्रेक्षकांनीच भरलेला, म्हणून कमी-जास्त भरवशाचा, पण भीतीचा तक्ता तिथे वेगळा असतो. मराठी सिनेमाला यातलं काही बहुधा मिळत नाही. तिथे जुना मार्ग: पहिल्या तीन दिवसांत न जाणं, आणि बघून आलेल्याला नेमका प्रश्न विचारणं. ‘मुलांना चालेल का?’ विचारलं तर शंभरातले नव्वद जण ‘चालेल की’ म्हणतात. ‘कुणी मरतं का? कोण? दाखवतात की नुसतं सांगतात?’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

खरी अडचण मे महिन्याची आणि गणपतीची आहे, हे मलाही कळतं. सोळा-सतरा माणसं, आजीपासून तीन वर्षांच्या पोरापर्यंत, एकच खेळ, आणि ‘सगळे जातायत, तुझं काय मध्येच?’ अशा वेळी आईला एकटीने नाही म्हणणं अवघड जातं. तेव्हा न जाण्यापेक्षा बसण्याची जागा ठरवणं सोपं असतं. कडेची खुर्ची घ्या, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा, आणि ‘नको वाटलं तर मला नुसतं चिमटा काढ, आपण वडे खायला बाहेर जाऊ’ असं मुलाला आधीच सांगा. लहानग्यांना डोळे झाकण्यापेक्षा कान झाकल्याने जास्त बरं वाटतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. भीती निम्मी तरी आवाजात असते.

तुमच्या मुलाचं. ९ वर्षांच्या मुलाला सिनेमा कसा बनतो हे समजतं, तेव्हा ते सांगा. समुद्राचे असे प्रसंग बऱ्याचदा मोठ्या टाकीत, पंखे आणि पाण्याचे फवारे लावून घेतात. असल्या चित्रीकरणाच्या फिती यूट्यूबवर मिळतील, दोघांनी मिळून बघा. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण त्याची भीती खोट्या गोष्टीची नाही. समुद्रात माणसं बुडतात हे देवगडच्या पोराला ठाऊक आहे. म्हणून आजी मायेने ‘काय होऊचा नाय’ म्हणते तेव्हा त्याला ते पटत नाही, आणि पटत नाही म्हणून तो पुढे बोलत नाही. चुलत भावंडं भित्री भागूबाई म्हणून चिडवत असतील तर ते आधी बंद करा.

बोलायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे त्याचे बाबा, आणि ते आत्ता घरी आहेत. बंदी ३१ जुलैपर्यंत आहे. बोटीची डागडुजी चालू असेल, जाळी विणणं चालू असेल, त्याला सोबत न्या. लाइफ जॅकेट अंगात घालून बघू दे. वायरलेसवर कुणाशी बोलतात, हवामानाचा इशारा कसा येतो, कुठल्या बावट्याला बोट बाहेर काढत नाहीत, वादळ दिसलं तर जवळच्या कुठल्या बंदरात शिरतात, हे बाबांनीच सांगावं. आणि ‘मलाही कधी कधी भीती वाटते’ हे त्यांना म्हणवलं तर तेही म्हणावं. तांडेलाच्या तोंडून ते ऐकणं नऊ वर्षांच्या पोराला पुष्कळ पुरतं. बोट निघेल तेव्हा त्याला न सांगता पहाटे गुपचूप निघून जाऊ नका. कधी निघणार आणि साधारण कधी परत, हे त्याला ठाऊक असू द्या, आणि रेंज असेपर्यंत एक फोन. झोपायला तूर्त कुणीतरी जवळ असू दे, हळूहळू अंतर वाढवा. तो सिनेमा ‘धीट व्हावा म्हणून’ पुन्हा दाखवायचा उद्योग कुणी करू नये.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप लागत नसेल, शाळेच्या वेळी पोट दुखायला लागलं, पाण्याजवळ जाणंच टाळू लागला, किंवा बाबांना घराबाहेर सोडेनासा झाला, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन केलात तर सिनेमाचं नाव आणि त्याचा शिक्का मागाहून सांगा. आधी सांगा की प्रसंग काय होता आणि मुलाचे बाबा काय काम करतात.